पागेच्या खंडोबाच्या भिंतीवरचा डाग

गोड आठवण हवी असेल तर इंदूरच्या सराफ्यात जावं. सोनारांची दुकानं मिटली की तिथल्या ओट्यांवर कढया चढतात आणि जिलेबी, रबडी, मालपुवा, म्हणाल ते मिळतं. मी जन्मभर चुना, वीट आणि दगडात राहिलेला माणूस. संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘नोकरीतला एखादा हृद्य प्रसंग’ मागितला, तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं की हृद्य वगैरे माझ्याकडे काही नाही, पण एका प्रसंगाचा संताप अजून शिल्लक आहे, तो चालेल का? ते हसले. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय.

मागच्या महिन्यात आमच्याकडे दोन जण आले होते. पागेच्या खंडोबाच्या ट्रस्टवर असतात. त्यांतला एक अजित, आबासाहेबांचा नातू. आबासाहेब कोण ते पुढे येईलच. चहा झाला, तब्येतीची चौकशी झाली, आणि अजितने खिशातून एक फोटो काढून माझ्यापुढे धरला.

“काका, गाभाऱ्यात देवाच्या मागच्या भिंतीवर हा डाग आहे बघा. तपकिरी, केवढा मोठा! ऑइलपेंट मारला तर पापुद्रे सुटून पडला. आता टाइल लावून टाकतोय, एकदम बढियावाली. जीर्णोद्धाराच्या वेळी तुम्ही ओव्हरसियर होतात ना? म्हटलं विचारावं, डाग आहे कसला?”

मी म्हटलं, “डाग कसला ते नंतर. भिंत कुणाची आहे, ते माहीत आहे का?”

“ट्रस्टची,” तो म्हणाला.

झालं! माझं डोकं फिरलं. माझी बायको सुधा आतून लगबगीने बाहेर आली आणि माझ्या हातातला कप काढून घेतला. ती म्हणते, तुम्ही आणि कळीचा चुना सारखेच, थेंबभर पाणी पडलं की उकळायला लागता. खोटं नाही ते. पण त्या दिवशी पाहुण्यांसमोर नीट बोलता आलं नाही, म्हणून आता सगळं सांगतो.

आधी माझा धंदा. ओव्हरसियर म्हणजे काय हे हल्ली समजावून सांगावं लागतं. इंजिनियर नकाशावर सही करतो, ठेकेदार बिलावर सही करतो, आणि या दोघांच्या मध्ये उन्हात छत्री घेऊन जो उभा राहतो, आणि भिंत पडली की ज्याला बोलावलं जातं, तो ओव्हरसियर. होळकरांचं संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, मध्य भारत नावाचा प्रांत झाला होता आणि मी एका सरकारी बांधकाम खात्यात नवाच लागलो होतो. त्या प्रांताला राजधान्या दोन. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. सरकार बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायचं, कारकून, पेटारे, फायली सगळं बरोबर. आपल्याला हवी ती फाईल नेहमी दुसऱ्या गावी असायची. “वो तो ग्वालियर में है,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत कुणी विचारलं तर मीही तेच उत्तर दिलं असतं.

आणि त्या काळी सगळ्यांना वेड होतं सिमेंटचं. सिमेंट परमिटवर मिळायचं, म्हणून ते भारी. ज्याच्या घराला सिमेंट लागलं तो मोठा माणूस. चुना म्हणजे जुनं, गावठी, गरिबाचं. आता ऐका. जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते. ती पावसाचं पाणी पिते आणि उन्हात सोडून देते, म्हणून शंभर वर्षं टिकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापलात की आत गेलेलं पाणी आतच राहतं. मग दगड घाम गाळतो, पापुद्रे सुटतात, भिंत आतून कुजते. सांवेरच्या डाकबंगल्याला साहेबांनी हौसेने सिमेंट लावून घेतलं होतं. मी नको नको म्हणत होतो. पुढच्याच पावसाळ्यात एक मंत्री तिथे मुक्कामाला आले आणि सकाळी ओल्या गादीवर उठले. बोलणी कुणी खाल्ली? मीच! “तुमने रोका क्यों नहीं?” असं विचारायला कमी केलं नाही साहेबांनी.

असो. खंडोबाकडे येतो.

गिरण्यांच्या मागे, नाल्याच्या काठी एक लहानसं दगडी देऊळ होतं. होळकरांच्या घोडदळाची तिथे पागा होती, म्हणून तो पागेचा खंडोबा. मूर्ती हातभर उंचीची, काळ्या दगडाची, घोड्यावर बसलेली. पूर्वी संस्थानातून तेलवातीची सोय व्हायची, गुरव असायचा, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य आणि भंडाऱ्याची उधळण व्हायची. घोडे गेले, पागा गेली, संस्थान गेलं. गुरव म्हातारा होऊन वारला आणि त्याचा मुलगा रेल्वेत चिकटला. तेव्हापासून दिवासुद्धा बंद. शिखरातून पिंपळ फुटलेला, गाभाऱ्यात वटवाघळं, सभामंडपात कुणीतरी जुनी पिंपं टाकलेली. आणि मागच्या भिंतीला लोक काय करायचे ते मी लिहीत नाही, ते दिवाळी अंकात शोभणार नाही. येता-जाता नमस्कार करणारे तेच, आणि मागे जाणारेही तेच.

मला तिथे पाठवलं ते देऊळ धोकादायक आहे का ते बघायला. म्हणजे खरं तर पाडायला. शेजारी गोदाम व्हायचं होतं आणि हे देऊळ मध्ये येत होतं. मी शिखरावर चढलो, हातोडी मारून सांधे ऐकले. दगड ठणठणीत होता. पाया हललेला नव्हता. वरचा गिलावा गेलेला आणि पिंपळाने दोन थर उचकटलेले, एवढंच. मी लिहून दिलं की देऊळ दुरुस्त होण्याजोगं आहे. फाईल ग्वाल्हेरला गेली. तिथून शेरा आला, दुरुस्तीसाठी तरतूद नाही, सबब धोकादायक समजून पाडावे.

म्हणजे बघा! देऊळ धोकादायक का? तर दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून! आजारी माणसाला औषध नाही, तेव्हा त्याला मेलेला समजा.

मी तो शेरा घेऊन जागेवर गेलो तेव्हा रामभाऊ मुकादम तिथे उभा होता. सूतखात्यातला जॉबर, मूळचा खानदेशचा, गिरणीत ओरडून ओरडून आवाज फाटलेला. त्याच्यामागे चाळीतले चारपाच जण, आणि थोडं दूर, नाल्याच्या कडेला, कमरेवर हात ठेवून एक काळी, उंच, पन्नाशीची बाई.

“बापूसाहेब, पाडनार का?” रामभाऊने विचारलं.

“वरून हुकूम आहे.”

“आन् आमी बांधला तर?”

“पैसे?”

“पैसे न्हाईत. हात आहेत. रविवारी गिरनी बंद असती.”

ती बाई तिथूनच ओरडली, “चूनो हूँ पीसूँगी!”

ती गेंदाबाई. नाल्यापलीकडच्या बलाई वस्तीत राहायची. बलाई म्हणजे त्या काळी आमची जुनी माणसं ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायची, त्यांच्यापैकी. नवरा चुन्याच्या भट्टीवर काम करायचा, तो गेल्यावर बैल आणि घाणी हिने सांभाळली. घाणी म्हणजे जमिनीत गोल चर, त्यात उभं दगडी चाक, ते बैल ओढतो आणि खालचा चुना वाळूसकट लोण्यासारखा दळला जातो. शहरात सिमेंट आल्यापासून तिची घाणी रिकामीच होती. मी तिला विचारलं, तुला काय पडलंय खंडोबाचं? ती म्हणाली, तिचा सासरा पागेत घोड्यांना चारा घालायचा. चंपाषष्ठीला देवळाच्या बाहेर उभं राहून त्याला भंडारा मिळायचा. बाहेरून.

“अबे तो कानून हुई गयो नी, साब?” तिने विचारलं; माळवीत ‘अबे’ म्हणजे ‘आता’. “मंदिर सबको?”

“झालाय,” मी म्हटलं. “संस्थानातच झाला होता हुकूम. देवळं सगळ्यांना खुली.”

“तो बन जावे, फिर हूँ अंदर जई के दरसन करूँगी.” तिने एवढंच मागितलं. मजुरीचं नाव काढलं नाही. चुना दळीन, आणि झालं की आत जाऊन दर्शन घेईन.

मी वर लिहून टाकलं की पाडण्यासाठी मजूर उपलब्ध नाहीत. ते खोटं नव्हतं. त्या वस्तीतला एकही माणूस त्या देवळावर घण उचलायला तयार नव्हता. फाईल पुन्हा ग्वाल्हेरला गेली, आणि या खेपेला मी तिच्या प्रवासावर खूष होतो.

काम निघालं तशी कमिटी झाली. आपल्याकडे काम करणारे जमले की त्यांच्या डोक्यावर कमिटी बसतेच. अध्यक्ष आबासाहेब. संस्थानात मोठ्या कचेरीत होते, निवृत्त झालेले. डोक्यावर पगडी, बोलणं साजूक तुपातलं, कधी आवाज चढला नाही. मला असली माणसं झेपत नाहीत. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. आबासाहेबांनी पहिलं काय केलं असेल, तर वशिला लावून सिमेंटचं परमिट मिळवलं.

“आपल्या देवाला चुना कशाला, बापू?” ते मला म्हणाले. “लोक हसतील. सिमेंटचं शिखर करू. पांढरंशुभ्र.”

“आबासाहेब, सिमेंट करड्या रंगाचं असतं. आणि देऊळ कुजेल.”

“तुम्ही तरुण आहात. जरा काळाबरोबर चला.”

सत्तरीचा माणूस मला, पंचविशीतल्याला, काळाबरोबर चला म्हणत होता! मी त्यांना सांवेरला नेलं. डाकबंगल्याच्या भिंतीवर हात ठेवायला लावला. ओला हात त्यांनी उपरण्याला पुसला. शेवटी तडजोड अशी झाली की सिमेंट बाहेरच्या ओट्याला लावायचं आणि देवळाला चुना. त्या ओट्याचं काय झालं म्हणाल तर आज तिथे ग्रॅनाइट आहे, कारण सिमेंट केव्हाच फुटलं.

आता खरा प्रश्न आला देवाचा. जीर्णोद्धाराच्या वेळी मूर्ती हलवावी लागते. विधी करून देव तिथून काढतात, दुसरीकडे नेऊन ठेवतात, तिथे रोज दिवा, रोज नैवेद्य, आणि काम संपलं की पुन्हा आणून बसवतात. मूर्ती आबासाहेबांच्या घरी जाईल असं ठरलं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी, आभाळ भरून आलेलं असताना भटजींनी विधी केला, मूर्ती उचलली, आणि निरोप आला की आबासाहेबांच्या सुनेला मुलगा झाला, घरात सोयर आहे, देव आणू नका. ठीक आहे, सोयर काही कुणाला चुकत नाही. दुसऱ्या सभासदांना विचारलं. एकाच्या घरी लग्न निघालेलं. एकाचं सोवळं फार कडक, त्याची बायको म्हणाली एवढं मोठं देवस्थान घरात झेपायचं नाही. रामभाऊच्या खोलीत आठ माणसं आणि वर मांडणीवर कोंबडी. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले आणि हातभर देव चादरीत गुंडाळून सगळे उभे.

आवारात एकच कोरडी जागा होती. कामासाठी तिथेच आणून मांडलेल्या घाणीजवळची गेंदाबाईची छपरी. चुना भिजू नये म्हणून पत्र्याची केली होती, आणि बैलाला सोडून जाता येत नाही म्हणून ती तिथेच राहायला आली होती. एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात चुन्याची पोती.

“दोन दिवसांचा प्रश्न आहे,” आबासाहेबांनी निरोप पाठवला. “ठेवा तिथे.”

दोन दिवस! सोयर फिटलं, नातवाचं बारसं झालं, तो पालथा पडायला लागला, पण देव न्यायला कुणी आलं नाही. सगळा पावसाळा देव त्या छपरीत होता. गेंदाबाई रोज विटेवर दिवा लावायची. जी मक्याची भाकरी तिची, तीच देवाची. मी एकदा विचारलं, देवाला कांदा चालतो का गं? तर म्हणाली, “म्हारे भी नी पूछे, इके भी नी पूछूँ. जो हे, ऊ खावे.” मला कुणी विचारत नाही, मी त्याला विचारत नाही, असेल ते खातो. तसा खंडोबाला कांदा चालतो. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि कांद्याची पातच लागते. पण तिला ते ठाऊक नव्हतं.

काम मात्र असं झालं की काय सांगू! रविवारी चाळीतली माणसं यायची, नाल्यापलीकडची यायची, सिमरोलकडून रामभाऊचा एक पाहुणा गाडी भरून बेलफळं घेऊन आला. बेलाचा चिकट गर, गुळाचं पाणी, भिजवलेले उडीद वाटून, हे सगळं चुन्यात पडतं. त्याने चुना चिवट होतो. कुणाच्या घरात गोडाचं झालं नसेल, पण देवळासाठी गूळ आला. बायका म्हणायच्या, बापूसाहेब, तुम्ही भिंत बांधताय का पंगत वाढताय? पिंपळाला हात लावायला कुणी धजेना, तेव्हा मुळासकट सोडवून नाल्याच्या काठावर नेऊन लावला. अजून आहे तो, चांगला जाड झालाय.

शेवटचा हात म्हणजे गाभाऱ्याच्या आतला गिलावा. तो बारीक, चाळलेल्या चुन्याचा असतो. लावायचा, आणि ओला असतानाच गुळगुळीत गारगोटीने घोटत राहायचं, पार आरशासारखा चकाकेपर्यंत. थांबलात की गेला. हे काम गेंदाबाईने एकटीने केलं. दिवाळीनंतर कित्येक दिवस ती सकाळी गाभाऱ्यात शिरायची ती संध्याकाळी बाहेर यायची, खांदा धरून. देवाच्या मागची भिंत तिने सर्वांत शेवटी केली. मला बोलावलं आणि म्हणाली, “देखो साब, मूँडो दिखे.” खरोखरच त्या भिंतीत माझा चेहरा दिसत होता. तिचाही. आबासाहेब दारात आले, आत डोकावले, “वा!” म्हणाले. ती आत आणि ते बाहेर. 

चंपाषष्ठीला देव बसवायचा होता. हार, सनई, सगळी वस्ती लोटलेली. गेंदाबाईने नवीन लुगडं नेसलं होतं, हिरवं. आबासाहेब पीतांबर नेसून, उपरणं घेऊन, कमिटीच्या चौघांसह आले. मला बाजूला घेऊन तुपातल्या आवाजात म्हणाले, “बापू, त्या बाईला दीपमाळेपाशी उभं राहायला सांगा. तिथून छान दिसेल.”

मला आधी कळेचना. “अहो, ती महिनाभर गाभाऱ्यात होती!”

“तेव्हा देव नव्हता ना आत,” ते म्हणाले. “देव नसताना ती नुसती खोली. आता देव बसल्यावर गाभारा होईल.”

काय ही हुशारी! किती शांतपणे विचार केलेला! राबायला खोली आणि दर्शनाला गाभारा! मी तिथे जे बोललो ते छापण्यासारखं नाही. कायदा आहे म्हणालो, हुकूम आहे म्हणालो, तुमची पगडी नाल्यात टाकीन असंही म्हणालो. सुधा माझं कोपर ओढत होती. सनई थांबली. सगळ्यांना कळलं काय चाललंय ते, आणि गेंदाबाईलाही कळलं.

ती ओरडली नाही. हिरवं लुगडं सावरत छपरीच्या दारात जाऊन बसली, उंबऱ्यावर, आडवी. आत विटेवर देव.

“देव लेने आया हो नी?” ती आबासाहेबांना म्हणाली. “लई जाव.”

आबासाहेब दोन पावलं पुढे आले आणि थांबले. पीतांबर सोवळ्याचा. आत शिरायचं म्हणजे बलाईणीच्या घरात शिरायचं. चूल, भाकरी, चुन्याची पोती. आत पाय टाकला की सोवळं मोडलं, आणि मोडलेल्या सोवळ्याने देव बसवायचा कसा?

“रामभाऊ, तुम्ही आणा मूर्ती बाहेर,” ते म्हणाले.

रामभाऊने हाताची घडी घातली. “म्या न्हाई.”

कमिटीतल्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. भटजी आकाशाकडे बघायला लागले. मुहूर्त टळत होता.

मग गेंदाबाई बोलली. “इत्ता दन ऊ म्हारा घर में रियो. म्हारी रोटी खाई. अबे हूँ इका घर में नी जई सकूँ?”

इतके दिवस तो माझ्या घरी राहिला. आता मी त्याच्या घरी जायचं नाही?  

बायकांमधून कुणीतरी पहिल्यांदा ओरडली, “येळकोट येळकोट!” आणि सगळी वस्ती ओरडली, “जय मल्हार!” गेंदाबाई उठली, आत गेली, देवाला कडेवर घेतल्यासारखं घेतलं आणि चालायला लागली. आबासाहेबांना वाटेतून बाजूला व्हावं लागलं, नाहीतर सोवळ्याला धक्का लागला असता. “उंबऱ्यावर ठेव, उंबऱ्यावर,” असं ते म्हणत राहिले. ती थांबली नाही. आणि थांबून चालणारही नव्हतं, कारण मूर्तीच्या खाली ताजा चुना भरून ती बसवावी लागते. तो कोण भरणार होतं? आबासाहेब?

तिने चुना भरला, देव बसवला, कललेला हाताने सरळ केला. भटजींनी नाइलाजाने मंत्र म्हटले, पाणी घातलं, भंडारा उधळला. तिने देवाच्या पायांवरचा भंडारा दोन्ही हातांनी कपाळाला लावला. नमस्कार केला, आणि गुडघे धरलेले म्हणून उठताना मागच्या भिंतीला तळवा टेकला.

तळवा भंडाऱ्याने पिवळा होता, पाण्याने ओला होता. भंडारा म्हणजे हळद. भिंत म्हणजे चुना, अजून पुरता न सुकलेला. बघता बघता भिंतीवर लालभडक पंजा उमटला.

“रक्त!” कमिटीतला एक जण किंचाळला. “देव कोपला!”

आणि लोक मागे सरले की हो! सुधा एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. “अहो, हळदीला चुना लागला की लाल होतं! घरोघरी कुंकू करतात, कधी पाहिलं नाही का? तुमच्या बायकांना तरी विचारा!” बायका हसायला लागल्या. हशा पिकला, पुन्हा येळकोट झाला, भरीत-भाकरी वाटली गेली. मी घरी आलो तो तरंगतच. म्हटलं, जिंकलो.

कसलं जिंकलो! दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना सहज देवळात डोकावलो तर गाभाऱ्यात पाणीच पाणी. आबासाहेब आणि दोघे सभासद शुद्धी करत होते. गोमूत्र, पाणी, नारळाची शेंडी घेऊन भिंत घासत होते. पंजा जात नव्हता म्हणून आणखी जोरात घासत होते. तेवढासा पंजा, तो पसरून पसरून अख्ख्या भिंतीवर गेला होता. जिथे चेहरा दिसत होता तिथे ओरखडे आणि लाल-पिवळा राडा.

मी गेंदाबाईकडे धावलो. तिने ऐकलं आणि पळत आली. या खेपेला कुणी तिला अडवलं नाही, तीच दारात थांबली. मला वाटलं आता ही अपमानाने रडेल. तिने भिंतीकडे पाहिलं फक्त.

“म्हारो चूनो घिस दियो?” ती म्हणाली. “अरे, गीलो थो नी अभी! गीला के कोई घिसे?”

ओला गिलावा कुणी घासतं का? एवढंच. त्या माणसांनी तिला काय म्हटलं, कशापासून देऊळ शुद्ध केलं, त्याबद्दल एक शब्द नाही. तिने छपरी सोडली, बैल जुंपला, घाणीचं चाक गाडीवर चढवलं आणि त्याच दिवशी निघून गेली. सिमरोलच्या बाजूला कुठेतरी तिचा भाऊ होता म्हणतात. मी नंतर त्या भागात कामाला गेलो तेव्हा गावागावांत विचारलं. चुना दळणारी बाई कुणाला ठाऊक नव्हती. तिथे तोवर सिमेंट पोचलं होतं.

हे सगळं मी त्या दिवशी अजितला सांगायला लागलो तर तो मध्येच म्हणाला, “काका, आजोबा गेले, जाऊ दे ना आता. उगाच समाजात चर्चा होते. म्हणून तर म्हणतोय, टाइलने झाकून टाकू.”

“आधी भिंत खरवडणार?” मी विचारलं.

“नाही हो. कारीगर म्हणतो, भिंत लोखंडासारखी आहे, छिन्नीच लागत नाही. वरूनच सिमेंटने चिकटवू.”

मी हसलो. सुधाला वाटलं मला काही झालंय. पण मी मनापासून हसलो, त्या प्रकरणात पहिल्यांदाच.

अरे लेका, चुना वर्षानुवर्षं हवा पीत घट्ट होत जातो. तुझ्या आजोबांनी वरचा हात घासला, पण त्याखालची तिची भिंत रोज थोडी थोडी पक्की होत गेलीय, आजही होतेय. छिन्नी लागणार नाही. आणि तसल्या घट्ट चुन्यावर सिमेंट धरत नाही, आत अडकलेलं पाणी त्याला बाहेर ढकलतं, हे मी सांवेरपासून सांगत आलोय. लावा टाइल, बढियावाली लावा. पहिल्या पावसाळ्यात फुगतील, दुसऱ्यात वाजायला लागतील, तिसऱ्यात गळून पडतील. मागे डाग असेल, जिथल्या तिथे.

तेव्हा कुणीतरी पुन्हा विचारेल, हा डाग कसला? तोवर मी नसेन. म्हणून आत्ताच छापून ठेवतो. तो डाग गेंदाबाईचा नाही. तिचा एवढासा हात होता. डाग केला तो धुणाऱ्यांनी.